पेनड्राइव्हवरील लिनक्स : शाळेच्या आणि सार्वजनिक संगणकावर आपली मराठी



आपल्या बीदर-कलबुर्गी भागातील मुले संगणक वापरतात तो शाळेच्या लॅबमध्ये, ग्रामपंचायतीच्या ग्रंथालयात म्हणजे अरिवु केंद्रात, किंवा तालुक्याच्या गावी सायबर कॅफेत. या संगणकांवर इंग्रजी असते, कन्नडसाठी 'नुडी' असते आणि ते योग्यच आहे. कन्नड ही आपल्या राज्याची भाषा आहे आणि आपल्या मुलांना ती उत्तम आलीच पाहिजे. अडचण एवढीच की तेथे मराठीची सोय बहुधा नसते. सोय करून घ्यायची म्हटले तर संगणक पासवर्ड मागतो आणि तो पासवर्ड लॅबच्या शिक्षकांकडे किंवा देखभालीच्या ठेकेदाराकडे असतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, बसवकल्याण हा पट्टा म्हैसूर राज्यात आला. त्यानंतरच्या पिढ्यांनी मराठी टिकवली ती घरात, भजनात, वारीत आणि मराठी शाळांत. आता लिहिणे कागदावरून पडद्यावर गेले आहे. घरी अस्खलित मराठी बोलणारी मुलगी मैत्रिणीला निरोप पाठवताना रोमन लिपीत मराठी लिहिते, आणि चार पानांचा निबंध टाइप करायचा झाला की थबकते. भाषा ओठांवर राहिली आणि बोटांतून गेली, तर पुढच्या पिढीत ती ओठांवरही किती राहील, हा विचार आपण केला पाहिजे.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. उभी नोकरी बँकेत झाली. संगणकतज्ज्ञ नाही. परंतु या अडचणीवर एक कमी खर्चाचा उपाय आहे आणि तो सर्वसामान्य माणसाला समजण्यासारखा आहे, म्हणून हा लेख. उपाय असा की आपली संपूर्ण संगणक-प्रणाली, मराठीसह, पेनड्राइव्हवर घेऊन जायची आणि परवानगी घेऊन समोरच्या संगणकावर तात्पुरती चालवायची.

लाइव्ह लिनक्स म्हणजे काय?

संगणक सुरू केला की सर्वात आधी त्याच्या मुख्य बोर्डावरील एक छोटा प्रोग्राम जागा होतो. त्याला बायोस म्हणतात; नव्या यंत्रांत त्याचे नाव यूईएफआय. हा प्रोग्राम पाहतो की कार्यप्रणाली कोठे आहे. सहसा ती आतल्या हार्ड डिस्कवर असते आणि विंडोज सुरू होते. पण त्याच वेळी आपण त्याला सांगितले की "हार्ड डिस्क राहू दे, या पेनड्राइव्हवरून सुरू कर", तर तो पेनड्राइव्हवरील प्रणाली मेमरीत म्हणजे रॅममध्ये घेतो आणि तीच चालवतो. विंडोज झोपलेलीच राहते. काम संपवून संगणक बंद केला, पेनड्राइव्ह काढला, की पुढच्या माणसाला नेहमीची विंडोज जशीच्या तशी मिळते.

धर्मशाळेत उतरणारा यात्रेकरू स्वतःचे अंथरूण-पांघरूण बरोबर नेतो. खोली धर्मशाळेची, पथारी आपली. सकाळी पथारी गुंडाळली की खोली होती तशी. लाइव्ह लिनक्सचे काम असेच चालते. संगणकाचा पडदा, कळफलक, प्रोसेसर आणि मेमरी त्यांची; प्रणाली, भाषा आणि फाइली आपल्या.

आमच्या वयाच्या बँकवाल्यांना यात एक ओळखीचा धागाही सापडेल. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर बँकांच्या शाखांत लेजर पोस्टिंगची यंत्रे येऊ लागली. पुढे अनेक शाखांतील यंत्रे युनिक्स या प्रणालीवर चालत. लिनक्स त्याच घाटाची प्रणाली आहे. फिनलंडच्या लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा लिहिला आणि सर्वांना मोफत खुला केला. म्हणून तिची प्रत काढून दुसऱ्याला देणे पूर्णपणे कायदेशीर आहे.

ही कल्पना कोठून आली?

सीडीवरून थेट चालणारी लिनक्स लोकप्रिय केली ती जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी. त्यांची 'क्नॉपिक्स' २००० साली आली. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बॅरी कॉलर यांनी 'पपी लिनक्स' काढली. ती इतकी लहान की सगळीच्या सगळी मेमरीत मावते आणि जुन्या यंत्रांवरही चटकन चालते.

शाळेच्या दृष्टीने आपल्याला जवळचे उदाहरण महाराष्ट्रातील आहे. २००७ साली रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैराट या लहानशा वस्तीवरील शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या जागतिक प्रकल्पाचा भारतातील पहिला प्रयोग झाला. त्या छोट्या लॅपटॉपवर लिनक्स आणि तिच्यावर मुलांसाठी बनवलेले 'शुगर' नावाचे वातावरण होते. पण प्रत्येक मुलाला लॅपटॉप देणे सगळ्यांना परवडणारे नव्हते. तेव्हा शुगर बनवणाऱ्यांनी २००९ मध्ये 'शुगर ऑन अ स्टिक' काढले. लॅपटॉपऐवजी मुलाच्या हाती पेनड्राइव्ह द्यायचा. शाळेत, घरी, ग्रंथालयात जो संगणक मिळेल त्याला तो लावायचा आणि आपले अर्धवट राहिलेले चित्र किंवा लेखन पुढे चालू करायचे. आपल्याला हवा आहे तो विचार नेमका हाच.

भारत सरकारच्या सी-डॅक संस्थेने 'बॉस' नावाची भारतीय लिनक्स तयार केली आहे. तिच्यात मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. केरळने २००१ मध्ये सुरू केलेल्या 'आयटी अॅट स्कूल' प्रकल्पातून शासकीय शाळांत लिनक्स रुजवली आणि ती आजही तेथे चालते. तेव्हा हा काही हौशी मंडळींचा खेळ आहे, असे कोणी समजू नये.

मराठी बोटांखाली कशी येते?

आपल्या भागासाठी माझ्या मते हा सर्वात महत्त्वाचा मुद्दा आहे.

कर्नाटकातील शाळांत मुले 'नुडी'वर कन्नड टाइप करायला शिकतात. नुडीची कळफलक-मांडणी के. पी. राव यांनी आखलेली आहे आणि ती 'क-ग-प' या नावाने ओळखली जाते. क-ग-प म्हणजे कन्नड गणक परिषत्तु, ज्यांनी नुडी तयार केली. या मांडणीत 'के' कळ दाबली की क, शिफ्टसह दाबली की ख, 'क्यू' वर ट, 'डब्ल्यू' वर ड, जोडाक्षरासाठी 'एफ'. आपल्या मुलांच्या बोटांना ही मांडणी सरावाची झालेली असते.

लिनक्सच्या कळफलकांच्या यादीत 'मराठी (कगप, फोनेटिक)' हा पर्याय आधीपासून आहे. वेगळे काही उतरवावे लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. सेटिंग्जमध्ये कळफलक या भागात जाऊन मराठी शोधायचे आणि तो पर्याय जोडायचा. म्हणजे ज्या बोटांनी मुलगा शाळेत कन्नड लिहितो, त्याच बोटांनी, त्याच कळांवर मराठी लिहू शकतो. कन्नडचा अभ्यास येथे मराठीच्या कामी येतो. दोन भाषांच्या सीमेवर राहण्याचा हा फायदा आपण आजवर घेतलेला नाही.

दुसरा पर्याय 'इनस्क्रिप्ट'चा. ही केंद्र सरकारने प्रमाणित केलेली मांडणी आहे. सर्व भारतीय लिप्यांत एका ध्वनीची कळ एकच, हे तिचे वैशिष्ट्य. सरकारी टायपिंग परीक्षांचा विचार असणाऱ्या मुलांनी हीच शिकावी. मराठीची खास अक्षरेही तिच्यात आहेत: शिफ्टसह 'एन' दाबल्यास ळ, आणि शिफ्टसह 'जे' दाबल्यास नुक्त्याचा ऱ, ज्यापासून दुसऱ्या, वाऱ्यावर, तऱ्हा हे शब्द बरोबर उमटतात.

यातून निघणारा मजकूर युनिकोडमध्ये असतो. पूर्वी एका दुकानात टाइप केलेली मराठी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अगम्य चिन्हे दिसत, कारण तो फॉन्ट तेथे नसे. युनिकोड मजकूर मोबाइलवर, ईमेलमध्ये, कोणत्याही संगणकावर तसाच दिसतो.

दोन ओळींचा निरोपच लिहायचा असेल तर एवढा खटाटोप करू नये. मोबाइलचा मराठी कळफलक पुरेसा आहे. निबंध, प्रकल्प, अहवाल, आजीच्या ओव्यांची वही उतरवून घेणे, अशा सलग लेखनासाठी मात्र खरा कळफलक आणि मोठा पडदा हवा.

संगणकाला कुलुपे कोणती असतात?

सार्वजनिक संगणकाला 'कुलूप' असते म्हणजे नेमके काय, हे समजले तर पेनड्राइव्ह कोठे चालेल आणि कोठे नाही, याचा अंदाज येतो.

१. विंडोजमधील निर्बंध : नवीन प्रोग्राम बसवता येत नाही, सेटिंग्ज उघडत नाहीत. लाइव्ह लिनक्सला याचा अडथळा नाही, कारण विंडोज सुरूच होत नाही.

२. मूळ स्थितीवर आणणारे सॉफ्टवेअर : 'डीप फ्रीझ'सारखे सॉफ्टवेअर संगणक पुन्हा सुरू होताच सगळे बदल पुसते. लॅबमध्ये हे वारंवार आढळते. आपण हार्ड डिस्कला हात लावत नसल्याने त्याचाही प्रश्न येत नाही.

३. बायोसचा पासवर्ड आणि सुरू होण्याचा ठरलेला क्रम : येथे पेनड्राइव्ह निवडताच येत नाही. ज्याच्याकडे पासवर्ड आहे, त्यानेच तो क्रम बदलून द्यायचा.

४. सिक्युअर बूट : विश्वासार्ह सहीशिवाय कोणतीही प्रणाली सुरू होऊ न देणारी ही व्यवस्था आहे. बँकेत नमुना सहीशी चेकवरील सही ताडून पाहतात, तसेच. उबंटू, फेडोरा आणि डेबियनच्या नव्या आवृत्त्यांना अशी मान्य सही असते, त्यामुळे त्या चालतात. काही लहान प्रणाली चालत नाहीत.

५. बंद केलेले यूएसबी पोर्ट : बँकेत आमच्याकडे असेच असे. येथे उपाय शोधू नये. संस्थेने विचारपूर्वक केलेली ती बंदी असते.

आणखी एक सावधगिरी. विंडोजची डिस्क 'बिटलॉकर'ने बंद केलेली असेल आणि कोणी सिक्युअर बूटची सेटिंग बदलली, तर पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती कोणाकडे नसेल तर संगणकातील सगळी माहिती अडकते. म्हणून बायोसमधील एकही सेटिंग मुलांनी स्वतःहून बदलू नये.

परवानगी आधी, पेनड्राइव्ह नंतर

लॅबच्या शिक्षकांना शंका येणे स्वाभाविक आहे. लाइव्ह लिनक्स सुरू झाली की कुलूपबंद नसलेली हार्ड डिस्क तिला दिसू शकते. म्हणजे विंडोजचा पासवर्ड असूनही इतरांच्या फाइली, प्रश्नपत्रिका, गुणपत्रके उघडली जाऊ शकतात. बँकेत लॉकर उघडायला दोन चाव्या लागतात, एक खातेदाराची आणि एक बँकेची. येथेही तोच नियम पाळावा. पेनड्राइव्ह ही आपली चावी. दुसरी चावी लॅब सांभाळणाऱ्यांची, आणि ती त्यांनीच फिरवायची.

कायदाही हेच सांगतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीशिवाय संगणक वापरल्यास भरपाई द्यावी लागू शकते. तेच कृत्य अप्रामाणिक किंवा लबाडीच्या हेतूने केले, तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सायबर कॅफेचालकांवर २०११ च्या नियमांनी आणखी जबाबदारी टाकली आहे: ग्राहकाची ओळख नोंदवायची आणि कोणत्या संकेतस्थळांना भेट दिली याच्या नोंदी किमान एक वर्ष ठेवायच्या. आपण गुपचूप वेगळी प्रणाली चालवली तर त्यांची नोंद अपुरी राहते आणि गोत्यात ते येतात. कॅफेवाला नाही म्हणाला तर वाद घालू नये.

शाळेत मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज द्यावा. त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात: कोणती प्रणाली, कशासाठी, आणि हार्ड डिस्कवर काहीही बसवले जाणार नाही. पहिल्या वेळी शिक्षकांसमोर सुरू करून, बंद करून, विंडोज जशीच्या तशी आहे हे दाखवावे. लेखी अर्ज आणि डोळ्यांदेखत प्रात्यक्षिक, यांनी निम्मी शंका दूर होते.

पेनड्राइव्ह कसा तयार करावा?

हे काम घरच्या किंवा ओळखीच्या विंडोज संगणकावर एकदाच करायचे आहे.

• ३२ जीबीचा चांगल्या कंपनीचा पेनड्राइव्ह घ्यावा, शक्यतो यूएसबी ३. काही शे रुपयांत मिळतो. आतील सगळे पुसले जाणार आहे, म्हणून जुना घेतला तर आधी फोटो वगैरे दुसरीकडे काढून ठेवावेत.

• प्रणाली निवडावी. चार जीबी किंवा अधिक मेमरी असेल तर लिनक्स मिंट नवशिक्यांना सोपी जाते. त्याहून जुन्या यंत्राला पपीसारखी हलकी प्रणाली घ्यावी. मात्र अशा लहान प्रणालींत देवनागरी फॉन्ट असतीलच असे नाही, ते पाहून घालावेत.

• फाइल त्या प्रणालीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावी. मिंटची फाइल काही जीबींची असते, म्हणून वायफाय असेल तेथे हे काम करावे. संकेतस्थळावर दिलेला पडताळणीचा लांब आकडा आपल्या फाइलशी जुळतो का, ते पाहावे. ही रोखपालाने नोट उजेडात धरून पाहण्यासारखी सवय आहे. कंटाळा करू नये.

• 'रूफस' हा मोफत प्रोग्राम ती फाइल पेनड्राइव्हवर उतरवतो. उबंटू आणि डेबियनसाठी त्यात 'पर्सिस्टंट' जागा ठेवण्याची सोय आहे. ती ठेवली तर कळफलकाची निवड आणि लिहिलेल्या फाइली पुढच्या वेळीही राहतात. न ठेवल्यास संगणक बंद करताच सगळे पुसले जाते.

• वापरताना संगणक सुरू होत असताना ठरावीक कळ दाबायची. डेल आणि लेनोव्होच्या बऱ्याच यंत्रांत ती एफ१२ असते, एचपीत एफ९. यादी येते, तीत यूएसबी निवडायचे.

• सुरू झाल्यावर पडद्यावर 'इन्स्टॉल' असे चिन्ह दिसते. त्यावर कधीही क्लिक करू नये. ते हार्ड डिस्कवर लिनक्स बसवण्यासाठी असते आणि त्यात शाळेची विंडोज पुसली जाऊ शकते. मुलांना हे आवर्जून बजावावे.

पुढचे शिकण्यासाठी आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे मोफत धडे उपयोगी आहेत. लिनक्स आणि लिबरऑफिसचे अनेक धडे तेथे मराठीत आणि कन्नडमध्येही ऐकता येतात.

पैशाचे व्यवहार आणि गुप्तता

निकाल लागल्यावर, प्रवेशाच्या आणि शिष्यवृत्तीच्या दिवसांत सायबर कॅफेच्या संगणकात 'डाउनलोड' फोल्डर उघडून पाहा. अनोळखी मुलांची आधार कार्डे, जातीचे दाखले, पासबुकाची पहिली पाने तेथे सापडू शकतात. मूल अर्ज भरून निघून जाते, कागद मागे राहतो. आपल्या प्रणालीतून काम केल्यास या फाइली त्या हार्ड डिस्कवर राहत नाहीत, हा मोठा लाभ आहे.

पण त्याच्या मर्यादाही ओळखाव्यात. कळफलकाच्या वायरीत कोणी टिपण घेणारे उपकरण बसवले असेल, वर कॅमेरा असेल, किंवा शेजारचा माणूस पाहत असेल, तर कोणतीही प्रणाली आपल्याला वाचवू शकत नाही. म्हणून बँकेतील इतक्या वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, नेट बँकिंग सार्वजनिक संगणकावर करू नये, पेनड्राइव्हवरूनही नको. त्यासाठी स्वतःचा मोबाइल किंवा शाखा. ओटीपी कोणालाही सांगू नये, हे तर आता सर्वांना पाठ आहे.

पेनड्राइव्ह हरवला तर त्यातील फाइली सापडणाऱ्याच्या हाती पडतात. त्यामुळे त्यात कागदपत्रांच्या प्रती साठवू नयेत. निबंध आणि लेखन ठेवावे, आणि महिन्याला एक प्रत दुसरीकडे काढावी.

अडगळीतील संगणकांचे काय?

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, म्हणून अनेक चांगले चालणारे संगणक तिच्या अटींत बसत नाहीत. शाळांत आणि आपल्याही घरांत असे संगणक पडून राहतील. भंगारात देण्याआधी त्यांच्यावर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावी. पडदा, आवाज, वायफाय, प्रिंटर चालतो का, हे काहीही न पुसता तासाभरात कळते. चालले तर मालकाच्या संमतीने ती कायमची बसवता येते.

आपण काय करू शकतो?

माझी मंडळाला एक सूचना आहे. वाचनालयात असे पाच-सहा पेनड्राइव्ह तयार करून ठेवावेत आणि पुस्तकाप्रमाणे नोंद करून मुलांना द्यावेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या सभासदाचा जुना संगणक मांडून मुलांना क-ग-प वरून मराठी टाइप करायला शिकवावे. नुडी येणाऱ्या मुलाला फार वेळ लागणार नाही. पहिला अभ्यास म्हणून प्रत्येकाने घरातील एका वडीलधाऱ्या माणसाची एक आठवण, एक ओवी किंवा एक पाककृती टाइप करून आणावी. कारण आपल्या सीमाभागातील मराठी, तिच्यातील दखनी आणि कन्नड शब्दांसह, छापील पुस्तकांत फारशी आलेली नाही. ती आजी-आजोबांच्या बोलण्यात आहे.

ज्या सभासदांच्या घरी संगणक जाणणारी मुले-मुली आहेत, त्यांनी या कामात पुढे यावे ही विनंती. पेनड्राइव्हचा खर्च आम्ही चार निवृत्त माणसे उचलू शकतो. शिकवायला मात्र तरुण बोटे हवीत.